कोजागरी ते कोजागरी : सोलापुरात ट्रायथलॉनच्या सरावाचं पहिलं वर्ष

ताणाबाणा | रविवार, रात्री ९:१२

गेल्या कोजागरीला मी सोलापूरहून तुळजापूरला चालत गेले. आमच्या घरातून दरवर्षी सासूबाई जायच्या, २२ वर्षं, अनवाणी. गेल्या वर्षी त्यांचे गुडघे साथ देईनात, म्हणून त्यांच्या जागी मी. निघताना त्यांनी एवढंच सांगितलं, "उळ्यापर्यंत घाई करू नकोस. शेजारणीशी बोलता येतंय तोवर चाल बरोबर. धाप लागली की चुकलं समज." (उळे हे वाटेतलं गाव.)

साधारण ४५ किलोमीटर. संध्याकाळी चारला निघालो, हिप्परग्याच्या तलावाशी अंधार पडला, तामलवाडीच्या पुढे मध्यरात्र उलटली आणि घाट चढताना उजाडायला लागलं. पाय सुजले होते पण दम शिल्लक होता. मी ३९ वर्षांची, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते, दिवसातले नऊ तास खुर्चीवर असते. शाळा सुटल्यापासून कधी धावले नव्हते. त्या पहाटे घाटात टेकले असताना वाटलं, या शरीराकडून आपण आजवर काही मागितलंच नाही.

मग धावणं सुरू झालं, मग सायकल आली, शेवटी पोहणं. गेल्या महिन्यात पहिली ट्रायथलॉन पूर्ण केली. छोट्या अंतराची, तिला स्प्रिंट म्हणतात : ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी धावणं, एकापाठोपाठ एक. मला २ तास २ मिनिटं लागली. या आठवड्यात पुन्हा कोजागरी आहे, वर्ष भरतंय, म्हणून लिहायला बसले. सरावाची वेळापत्रकं इंटरनेटवर हवी तितकी मिळतात. त्यांत आपलं ऊन, आपला आषाढातला वारा, उसाच्या ट्रॉल्या आणि नळाला पाणी यायचा दिवस यांतलं काहीच नसतं. ते इथे लिहिते.

आधी धावणं, कारण पहिली मोठी चूक तिथेच झाली. नोव्हेंबरात सुरुवात केली ती एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं अशी, अर्धा तास, आठवड्यातून तीनदा. संभाजी तलावाच्या बाजूने, सकाळी साडेपाचला. डिसेंबर संपेपर्यंत न थांबता ३ किमी जमायला लागले आणि श्वास इतका मोकळा झाला की मला वाटलं, आता काय अडतंय! तीन आठवड्यांत ३ वरून थेट ८ किमीवर गेले. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली तेव्हा मी लंगडत होते. डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला, बोटाने दाबलं तर डोळ्यांत पाणी यावं अशी एकच जागा. सहा आठवडे धावणं बंद.

सासूबाई म्हणाल्या, "दम वाढला म्हणून हाडं वाढतात का?" त्यांचं हे वाक्य मी सरावाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

सायकल आणि पाण्याचं उद्या लिहिते. मुलाचा अभ्यास घ्यायचाय.

सांधेजोड | रविवार, रात्री १०:०५

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि तुमच्या सासूबाईंनी जे सांगितलं तेच मी रोज सांगतो. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात. हाडं, अस्थिबंध (हाडं एकमेकांना जोडणारे पट्टे) आणि कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) यांना महिने लागतात. मधल्या काळात माणसाला आपण ताकदवान झालो असं वाटतं आणि नेमकी तेव्हाच दुखापत होते.

वाचणाऱ्यांसाठी एक फरक सांगून ठेवतो. नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पसरलेलं दुखणं, जे धावायला लागल्यावर थोडं कमी होतं, ते बहुतेकदा हाडाच्या आवरणावरचा ताण असतो. पण बोट ठेवता येईल अशी एकच जागा दुखत असेल, धावताना वाढत असेल आणि रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये ती बऱ्याचदा दिसत नाही. म्हणून "एक्स-रे चांगला आहे, धाव" असं स्वतःला सांगू नका.

आणि बायकांनी एवढं जरूर करावं : हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), दोन्ही तपासून घ्या. पाळी, त्यात घाम, त्यात जेवणाच्या ताटाला लागूनच चहा, असं असेल तर लोह कमी असणं अगदी शक्य आहे. मग कितीही सराव केला तरी दम लागतच राहतो. गोळ्या मात्र तपासणीनंतर, डॉक्टरांना विचारूनच.

ताणाबाणा | रविवार, रात्री १०:४०

सांधेजोडदादा, फेब्रुवारीत माझं हिमोग्लोबिन ९.८ निघालं होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकलायला लावला. भाजीवर लिंबू पिळायला लागले. मे महिन्यात १२ च्या वर गेलं. त्या तीन महिन्यांत जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याही व्यायामाने पडला नसता. हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं, तुम्ही आठवण करून दिलीत.

सात रस्ता | सोमवार, सकाळी ६:५०

वाचतोय. सायकलचं सविस्तर लिहा. कोणती घेतली, कितीला, रोड बाइकच (खाली वाकलेल्या हँडलची हलकी सायकल) लागते का? माझा भाऊ म्हणतो ७० हजारांखाली काही मिळतच नाही.

ताणाबाणा | सोमवार, रात्री ९:३०

मी जुनी हायब्रिड घेतली, ९ हजारांना, आमच्याच कॉलनीतल्या एका कॉलेजच्या मुलाकडून. सरळ हँडल, सात गिअर मागे, तीन पुढे. वर ट्यूब, ब्रेकपॅड, दिवे आणि हेल्मेट धरून आणखी ४ हजार गेले. पहिली ट्रायथलॉन याच सायकलवर झाली आणि २० किमीला ५२ मिनिटं लागली. रोड बाइकवर चार-पाच मिनिटं वाचली असती. पहिल्या वर्षात तेवढ्यासाठी कुणी कर्ज काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा यांत मात्र एक रुपयाही वाचवू नका.

सीटची उंची सुरुवातीला फार कमी ठेवली होती, दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून. गुडघे दुखायला लागले. मग कळलं : पॅडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा. चालवताना पंजा ठेवला की गुडघ्याला आपोआप हलकासा बाक येतो. दोन इंच वर घेतली आणि आठवड्यात दुखणं थांबलं. दुसरं म्हणजे जड गिअर रेटायचा नाही. हलका ठेवायचा, पाय भरभर फिरवायचे, मिनिटाला ८० च्या आसपास. तेवढ्याने नंतर धावायला पाय उरतात.

रस्त्यांचं सांगते, कारण हे बाहेरचा कुणी सांगणार नाही.

विजापूर रोड, सोरेगावच्या पुढे मंद्रूपपर्यंत, मला सगळ्यात आवडतो. पण दिवाळीनंतर गाळप सुरू झालं की मार्चपर्यंत अंधारात तिकडे जायचं नाही. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही आणि ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर. एकदा समोरच्या गाडीच्या उजेडात शेवटच्या क्षणी दिसला. त्या दिवसापासून हंगामात मी पूर्ण उजाडल्यावरच निघते, कारखान्यात पोचायला उशीर झाला तर संध्याकाळी तेवढा वेळ जास्त बसते.

अक्कलकोट रोडला कुंभारी, वळसंग करत स्वामींचं दर्शन घेऊन परत, ८० किमी. रविवारचा सगळ्यात चांगला पल्ला. रस्त्यात चहा मिळतो, माणसं असतात. एकट्या बाईला माणसं असलेला रस्ता बरा.

आषाढात वारा पश्चिमेचा आणि जोराचा. तेव्हा आधी मंगळवेढ्याच्या दिशेने, वाऱ्याच्या तोंडाला जायचं आणि वारा पाठीशी घेऊन घरी यायचं. एकदा मी उलटं केलं होतं. हैदराबाद रोडला बोरामणीपर्यंत ४५ मिनिटांत गेले, केवढा आनंद झाला, आणि परत यायला दोन तास लागले.

आणि काटे. आपल्याकडे प्रत्येक बांधाला वेडी बाभूळ. तिचा काटा टायरमध्ये मोडून राहतो, वरून दिसतही नाही. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा (बोट नको), फडकं जिथे अडकेल तिथे काटा. हे माहीत नव्हतं तोवर एकाच सकाळी माझ्या दोन ट्यूब गेल्या.

हिप्परगा वारा | सोमवार, रात्री १०:१५

काट्यांचं अगदी खरं. मी टायर आणि ट्यूबच्या मध्ये घालायची जाड पट्टी वापरतो. सायकल थोडी जड वाटते, पण वर्षभरात एकच पंक्चर.

कुत्र्यांचंही लिहा की. पहाटे हायवेवर धाब्यांच्या आसपास हमखास मागे लागतात. वेग वाढवला की ती जास्त धावतात. मी उतरतो, सायकल मध्ये घेतो, न पळता चालत पुढे जातो. वीस-तीस पावलांत नाद सोडतात. आणि चावलंच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. "बघू उद्या" नाही.

मालदांडी | मंगळवार, सकाळी ७:२०

मंगळवेढ्याहून लिहितोय. ताई, खाण्याचं काय करता? मी शेतकरी, सकाळी भाकरी-शेंगाचटणी खाऊन दहा किलोमीटर सहज चालतो. पण धावायला गेलो की पोटात कळ येते.

ताणाबाणा | मंगळवार, रात्री ८:५५

दादा, तुमच्या मालदांडी ज्वारीच्या भाकरीत दोष नाही, वेळ चुकतीये. शेंगाचटणीत तेल आणि भाकरीत कोंडा, दोन्ही पोटात बराच वेळ राहतात. चालताना ते चालतं, धावताना आतडी हलतात आणि रक्त पायांकडे जातं, म्हणून कळ येते. मी कडक भाकरी आणि चटणी सराव संपल्यावर खाते. आधी एक केळं किंवा गुळाचा खडा आणि अर्धा कप चहा. तासाभराच्या आतलं काम असेल तर तेवढं पुरतं. त्यापेक्षा मोठं असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्ट किंवा साखर पोटात जायला हवी. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असते. मी खिशात खजूर आणि शेंगापोळीचे तुकडे ठेवते. शेंगापोळी मात्र सायकलवरच, धावताना नाही.

आता पाणी. हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण मे महिन्यात मी स्वतःला धोक्यात घातलं होतं.

माझं माहेर सांगोला तालुक्यातलं. पाण्याचा तांब्या जपून वापरायचा हेच लहानपणापासून शिकलेलं. उन्हाळ्यात मोठे पल्ले सुरू झाले तेव्हा सगळे म्हणाले, पाणी भरपूर पी. मेच्या दुसऱ्या रविवारी नळदुर्गला निघाले, पहाटे साडेचारला. जाताना ठीक. किल्ल्याच्या पायथ्याशी अर्धा तास बसले, परत निघाले तेव्हा आठ वाजून गेले होते आणि ऊन तापलं होतं. घाबरून मी साधं पाणी पीत राहिले. घरून नेलेलं दोन लिटर, वाटेत भरलेलं आणखी दोन-अडीच लिटर. खाल्लं काहीच नाही, मळमळत होतं म्हणून. बोरामणीच्या अलीकडे डोकं फुटेल असं दुखायला लागलं, बोटं इतकी सुजली की अंगठी रुतली, उलटी झाली. मला वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून आणखी प्यायले. एका टपरीवाल्या मावशींनी सावलीत बसवलं, नवऱ्याला फोन लावून दिला.

दवाखान्यात रक्त तपासलं तर सोडियम खाली गेलेलं. डॉक्टर म्हणाले, घामातून मीठ गेलं आणि वरून तुम्ही साधं पाणी ओतत गेलात, रक्त पातळ झालं. पाण्याअभावी माणूस वाळतो हे आम्हा दुष्काळी भागातल्या माणसांना कळतं. जास्त पाण्यानेही जीव जाऊ शकतो, हे मला ३९ व्या वर्षी कळलं.

त्यानंतर मी हिशेबनीसाचं काम केलं. निघण्याआधी वजन, आल्यावर अंग पुसून वजन. एका तासात वजन ७०० ग्रॅम कमी झालं आणि वाटेत ५०० मिली प्यायले होते, म्हणजे घाम सुमारे १.२ लिटर. एक किलो म्हणजे जवळजवळ एक लिटर. वहीत एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. मार्चमधला घाम वेगळा, मेमधला वेगळा, जुलैच्या ढगाळ हवेतला तिसराच. सगळा गेलेला घाम लगेच भरून काढायचा नाही हेही शिकले. तहान लागेल तसं प्यायचं, आणि तासाच्या वर काम असेल तर मीठ-साखर घालून. घरचं प्रमाण तेच जुनं : एक लिटर पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. मी वर लिंबू पिळते. आल्यावर वजन निघतानापेक्षा जास्त भरलं तर गरजेपेक्षा जास्त प्यायलं गेलं, एवढी साधी खूण.

सांधेजोड | मंगळवार, रात्री ९:२५

हे वेगळं काढून प्रत्येक धावणाऱ्या-सायकल चालवणाऱ्या गटात पाठवावं असं आहे. सुजलेली बोटं, डोकेदुखी, उलटी आणि वाढलेलं वजन हे एकत्र दिसलं तर साधं पाणी पाजू नका, थेट दवाखान्यात न्या. बोलण्यात गोंधळ असेल तर एक मिनिटही थांबू नका.

ऊन अंगवळणी पडायला १० ते १४ दिवस लागतात. रोज थोडा वेळ, हलक्या वेगाने. तोवर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जानेवारीच्या वेगाने पळायचा हट्ट नको. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मिठाचं प्रमाण स्वतःच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

पहाटपाळी | मंगळवार, रात्री ११:५०

ताई नमस्कार. मी यंत्रमागावर आहे, टॉवेल. बारा तास उभं राहून काम, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. वय ३१. पार्कवर कधी कधी पळतो, ५ किमीला २६ मिनिटं लागतात. तुमचं वाचून ट्रायथलॉन करावंसं वाटाय लागलंय. पण रात्रपाळीच्या आठवड्यात काय करायचं ते कळंना. सकाळी सुटलो की तसंच पळायला जातो, मग दिवसा झोप येत नाही, डोकं जड. सांगा की काहीतरी. पोहायला येतंय मला, लहानपणी विहिरीत शिकलोय.

ताणाबाणा | बुधवार, सकाळी ५:३५

दादा, २६ मिनिटं म्हणजे तुम्ही माझ्या बरंच पुढे आहात, मला ३८ लागली. मी खुर्चीवर बसणारी, तुमचे बारा तास उभ्याने जातात, तेव्हा माझं वेळापत्रक तुम्हाला लागू नाही. माझ्या कारखान्यातल्या कामगारांकडे रोज बघते म्हणून एवढं नक्की सांगते : रात्रपाळीच्या आठवड्यात सराव वाढवू नका. आधी झोप. सुटल्यावर घरी जा, खा, झोपा. दुपारी चारला उठल्यावर अर्धा तास हलकं पळणं किंवा सायकल, तेही आठवड्यातून तीनदा. मोठे पल्ले दिवसपाळीच्या आठवड्यातल्या सुट्टीला. बाकी सांधेजोडदादा सांगतील.

सांधेजोड | बुधवार, सकाळी ८:१०

ताईंशी पूर्ण सहमत. पहाटपाळी, तुमचं बारा तास उभं राहणं हाही पायांवरचा भारच आहे, तो सरावाच्या हिशेबात धरा. झोपमोड झालेल्या दिवशी जोरात पळू नका. पोटऱ्यांचा व्यायाम करा : पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली, सावकाश, १५ वेळा, तीन फेऱ्या. बाकी तुमचा पाया उत्तम आहे.

रंकाळ्याकाठी | बुधवार, सकाळी ९:४५

कोल्हापूरहून. ताई, मनापासून अभिनंदन! पुढचं काय? ऑलिम्पिक अंतर (स्प्रिंटच्या दुप्पट) की थेट गोवा? गोव्याची स्पर्धा २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हापासून आमच्याकडची बरीच मंडळी जातात. समुद्रात १.९ किमी, मग ९० किमी सायकल, मग २१.१ किमी धावणं, सगळं साडेआठ तासांत. त्यात पोहण्याला १ तास १० मिनिटांची मर्यादा. मी दोनदा केलीय. तुमचा सायकलचा पाया बघता सायकल आणि धावणं होईल, पोहण्याचं सांगा.

ताणाबाणा | बुधवार, दुपारी १:३०

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. पोहण्याचं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

आमच्या माहेरच्या विहिरीत मे महिन्यात कळशी बुडेल एवढंही पाणी नसायचं. पाणी असलं तरी मुलगे पोहायचे, आम्ही काठावर कपडे सांभाळायचो. त्यामुळे एप्रिलमध्ये जलतरण तलावाच्या बायकांच्या बॅचला नाव घातलं तेव्हा छातीएवढ्या पाण्यातही माझे हात कठड्यावरून सुटत नव्हते. बॅचमध्ये बाकी सगळ्या दहा-बारा वर्षांच्या मुली. शिकवणाऱ्या मॅडमनी पहिला आठवडा हात मारायला लावलेच नाहीत. पाण्यात तोंड घालायचं आणि श्वास सोडायचा, बुडबुडे काढत, पुन्हा पुन्हा. मी आत श्वास कोंडून ठेवत होते आणि बाहेर आल्यावर एकाच वेळी सोडायला आणि घ्यायला बघत होते, म्हणून गुदमरायला व्हायचं. पाण्यात सोडा, बाहेर फक्त घ्या. हे अंगात उतरायला मला १९ दिवस लागले. वहीत नोंद आहे.

दुसरी अडचण पायांची. पाय सारखे खाली जायचे, मी आणखी जोराने मारायची, आणखी दमायची. मॅडम म्हणाल्या, "पायांचं सोडा, डोकं खाली घाला. समोर बघू नका, तळाची फरशी बघा, छाती थोडी दाबा." डोकं खाली गेलं तसे पाय वर आले. तेवढंच होतं ते. सातव्या आठवड्यात पहिल्यांदा २५ मीटर न थांबता. पलीकडच्या कठड्याला हात लागला तेव्हा मी रडले, आणि त्या लहान मुलींनी टाळ्या वाजवल्या.

जूनमध्ये १०० मीटर, जुलैअखेर ४००. ऑगस्टमध्ये ७५० मीटर, ३१ मिनिटांत. स्पर्धेत २६ झाली, तीही तलावातच, ५० मीटरच्या १५ लांब्या.

रंकाळ्याकाठी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. गोवा पुढच्या वर्षी नाही. आधी ऑलिम्पिक अंतर, १.५ किमी, ४० किमी, १० किमी. आणि त्याआधी उघड्या पाण्याची भीती घालवायचीय.

भीमाकाठ | बुधवार, दुपारी ३:१५

उघड्या पाण्याचा सराव करायचा तर शेततळं उत्तम. आमच्याकडे गावोगाव आहेत, पाणी स्वच्छ, गर्दी नाही. ओळखीच्या कुणाचं तरी बघा.

मालदांडी | बुधवार, दुपारी ३:४०

नाही. हात जोडून सांगतो, शेततळ्यात कुणीही उतरू नका. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्याचा काठ उतरता असतो आणि ओला झाला की साबणासारखा गुळगुळीत. पट्टीचा पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही, दमतो आणि बुडतो. वाचवायला उतरलेला दुसराही जातो. माझ्या शेततळ्याला मी चारी बाजूंना गाठी मारलेले दोर सोडलेत आणि कुंपण घातलंय, तरी पोरांना जवळ फिरकू देत नाही.

पोहायचंच असेल तर पायऱ्यांची विहीर. आम्ही पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून शिकलो. लाकूड वाळलं की अगदी हलकं होतं, बुडत नाही. रोज थोडं तासून बारीक करायचे, आणि एक दिवस वडील बिंडा न बांधताच ढकलायचे. आता तुम्ही बिंडा नका शोधू, ट्यूब ठेवा.

भीमाकाठ | बुधवार, दुपारी ४:०५

मालदांडी, बरोबर आहे तुमचं. माझ्या डोक्यात मातीच्या काठाचं जुनं तळं होतं, प्लॅस्टिकचा विचार केला नाही. माझा सल्ला मागे घेतो.

ताणाबाणा | बुधवार, रात्री ९:००

मालदांडीदादा, योगायोग बघा, मी श्रावणात तेच केलं. तुमच्याच तालुक्यात माझ्या मावसभावाची पायऱ्यांची विहीर आहे, यंदा चांगली भरली होती. तो काठावर ट्यूब आणि दोर घेऊन, त्याचा मुलगा माझ्यासोबत पाण्यात. तळ दिसत नाही, खाली फरशीची रेघ नाही, पाणी काळं आणि गार. पहिल्या दिवशी श्वास इतका भरभर व्हायला लागला की दोन मिनिटांत पायरी धरली. मग तिथेच बसून पुन्हा एप्रिलचा पहिला धडा, तोंड पाण्यात, बुडबुडे. चौथ्या फेरीला विहिरीच्या कडेने गोल फिरू शकले. दर सहा-आठ हातांनी डोळे पाण्याच्या किंचित वर काढून पायरी कुठे आहे ते बघायचं, मान पूर्ण उचलायची नाही, हेही तिथेच जमलं. मावशी काठावर उभी होती. ती म्हणाली, "आपल्या घरातली विहिरीत उतरलेली पहिली बाई तू."

सायकलवरून उतरून लगेच धावण्याचं राहिलं होतं. पहिल्यांदा केलं तेव्हा पाय दुसऱ्याच कुणाचे तरी आहेत असं वाटतं, अगदी घाबरायला होतं. ते फक्त सवयीने जातं. मी जूनपासून दर गुरुवारी ४० मिनिटं सायकल आणि लगेच १० मिनिटं धावणं करत होते. ऑगस्टपर्यंत पाय तीन-चार मिनिटांत माझे व्हायला लागले. आणि हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, हा नियम आहे. गच्चीवर वीस वेळा तालीम केली, म्हणून स्पर्धेत गडबड झाली नाही.

पहाटपाळी | बुधवार, रात्री ११:३०

ताई, या आठवड्यात दिवसपाळी आहे आणि उद्या-परवा सुट्टी टाकलीय. उद्या मीपण तुळजापूरला चालत निघतोय, पहिल्यांदाच. तुम्ही जाणार ना? किती वाजता, कुठून? आणि बूट घालू का चप्पल?

ताणाबाणा | गुरुवार, सकाळी ५:२०

जाणार. चार वाजता, रूपाभवानीच्या देवळापाशी. सासूबाई रिक्षाने तिथवर सोडायला येणार आहेत, तुमची त्यांच्याशी गाठ घालून देते. वापरलेले बूट घाला, नवे नकोत, मोज्यांचा एक जोड जास्तीचा घ्या. मीठ-साखरेची बाटली मी दोन घेतेय. तुम्ही २६ मिनिटांत ५ किमी पळणारे आहात, पण उळ्यापर्यंत माझ्या बरोबरीनेच चालायचं, गप्पा मारत.